ओनील कार्यक्रम : कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट

ठरलं एकदाचं. पाण्यावर पोट असलेल्या लेखकांच्या मालिकेत पुढचा भाग अमेरिकन नाटककार युजीन ओनीलवर. तासाभराचा ऑडिओ, त्यात अर्धा वेळ ताईंचं निवेदन आणि उरलेला अर्धा त्याची एक एकांकिका मराठीत. दादांना खरं तर मच्छीमार नाटककार हवा होता. ओनील मच्छीमार नव्हता, खलाशी होता, जाळी नाही ओढली त्याने, दोरखंड ओढले. पण त्याचं रंगमंचावर आलेलं पहिलं नाटक माशांच्या गोदामात झालं हे सांगितल्यावर दादा म्हणाले, चालेल, घे.

हक्कांचं आधीच बघून घेतलं, नंतर डोक्याला ताप नको. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं. ओनील गेला २७ नोव्हेंबर १९५३ ला, म्हणजे हयातीत छापलेलं सगळं २०१४ पासून मोकळं. त्याचं 'लाँग डेज जर्नी इनटू नाइट' हे नाटक मरणोत्तर १९५६ ला छापलं गेलं, तिथे मोजणी छापल्याच्या सालापासून, ते २०१७ पासून मोकळं. अमेरिकेत वेगळा हिशोब आहे पण आपला त्याच्याशी संबंध नाही.

डेडलाइन त्याचा स्मृतिदिन. दादांनी कार्यक्रमाला टॅगलाइनपण देऊन टाकली, 'आजारावर मात करणारा नाटककार'. लिहून घेतलीय. बघू.

७ ऑगस्ट

समुद्राची वर्षं लिहायला घेतली. मला वाटलेलं दहा वर्षं तरी असेल जहाजांवर, तर सगळं मिळून दीडएक वर्षाचा मामला. जन्म १६ ऑक्टोबर १८८८, न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्याच एका हॉटेलात, कारण बाप जेम्स ओनील नट आणि मुक्काम कायम दौऱ्यावर. बापाने 'माँटे ख्रिस्तो'मधली एकच भूमिका हजारो वेळा केली, त्यावर पैसा कमावला आणि त्यातच अडकला. मुलगा १९०६ मध्ये प्रिन्स्टनला गेला, वर्षभरात बाहेर. मग सोनं शोधायला होंडुरास, तिथून सोनं नाही, मलेरिया घेऊन परत.

जून १९१० मध्ये बॉस्टनहून 'चार्ल्स रॅसीन' नावाच्या नॉर्वेच्या शिडाच्या जहाजावर चढला, अर्धा प्रवासी अर्धा कामगार, आणि दोनेक महिन्यांनी ब्युनॉस आयर्स. तिकडे मिळेल ते काम, मग तेही नाही, शेवटी बंदरावर भणंग. १९११ मध्ये 'इकाला' ह्या ब्रिटिश मालवाहू बोटीवरून परत आला. ही बोट महत्त्वाची, कारण पुढे नाटकांत जी 'ग्लेनकेर्न' येते ती हीच, नाव बदलून. त्यानंतर न्यूयॉर्क ते साउदम्प्टन एक फेरी, येताना त्याच्याकडे एबल सीमनचा, म्हणजे तयार खलाशाचा, दाखला होता, आणि त्या दाखल्याचा त्याला जन्मभर अभिमान. नोबेलपेक्षा जास्त असावा असं आपलं मला वाटतं.

एक गोष्ट निवेदनात हवीच. तेव्हा शिडाची जहाजं संपत चालली होती. ओनीलला ती शेवटची शेवटची मिळाली. मालवाहू आगबोट त्याला जमली, प्रवासी लायनर अजिबात आवडली नाही, तिथे खलाशी म्हणजे डेक घासणारा नोकर. नंतर 'द हेअरी एप'मध्ये तळाशी कोळसा टाकणारा माणूस आणि वरच्या डेकवरची श्रीमंत मुलगी समोरासमोर येतात ते ह्या लायनरवरूनच आलंय.

८ ऑगस्ट

दारूच्या अड्ड्याचा भाग लिहिला. न्यूयॉर्कच्या धक्क्याजवळ 'जिमी द प्रीस्ट्स', खाली गुत्ता आणि वर भाड्याच्या खोल्या, भाडं महिन्याला ३ डॉलर. तिथे ड्रिस्कॉल नावाचा आयरिश स्टोकर, म्हणजे बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा, ओळखीचा झाला आणि ख्रिस्तोफरसन नावाचा म्हातारा खलाशी खोलीत सोबतीला. दोघंही पुढे नाटकांत आलेत, दोघंही पाण्यातच गेले, ड्रिस्कॉलने तर भर समुद्रात बोटीवरून उडी टाकली. १९१२ च्या सुरुवातीला ओनीलने स्वतः त्या खोलीत जीव द्यायचा प्रयत्न केला. हे एका वाक्यात सांगायचं, पुढे जायचं. ताईंना म्हटलंय आवाज जड करू नका इथे.

१४ ऑगस्ट

क्षय. आज दिवसभर हेच.

१९१२ च्या उन्हाळ्यात तो न्यू लंडनला, कनेक्टिकटमध्ये, आईबापाच्या समुद्राकाठच्या घरी होता, गावच्या पेपरात बातमीदारी करत. थंडी सुरू होता होता खोकला, ताप, आणि निदान क्षयाचं. बापाने आधी स्वस्तातल्या सरकारी सॅनेटोरियममध्ये पाठवलं, तिथून दोनेक दिवसांत परत आला, मग २४ डिसेंबरला वॉलिंगफर्डच्या गेलॉर्ड फार्म ह्या सॅनेटोरियममध्ये. बापाचा हा कंजूषपणा मुलाने मनात ठेवला आणि जवळजवळ तीस वर्षांनी नाटकात वसूल केला.

उपचार काय होता हे ऐकणाऱ्याला सांगावं लागेल, कारण आता क्षय म्हटलं की लोकांना गोळ्यांचा कोर्स आठवतो. तेव्हा गोळ्या नव्हत्याच. जंतू १८८२ मध्ये कॉखने दाखवला होता पण त्यावरचं पहिलं कामाचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ ला. मधल्या साठ वर्षांत डॉक्टरांकडे होतं ते मुख्यतः एवढंच, पडून राहा, उघड्या व्हरांड्यात झोपा, बर्फ पडत असला तरी, दूध अंडी खा, वजन करा, परत पडून राहा. काही जगायचे, काही नाही.

आता चोवीस वर्षांचा पोरगा, ज्याने मागच्या तीन वर्षांत तीन खंड बघितले आणि एका जागी महिनाभर टिकला नाही, त्याला पाच महिने खाटेवर बांधून ठेवलं. तो वाचत बसला. स्ट्रिंडबर्ग, इब्सेन, सिंग, सगळे नाटककार. आणि तिथेच ठरवलं की आपण नाटकं लिहायची. ३ जून १९१३ ला बाहेर पडला तेव्हा रोग थांबलेला होता आणि माणूस नाटककार व्हायला निघालेला होता.

मला हे वाचल्यापासून दादांची टॅगलाइन खुपायला लागलीय. मात कसली? आजाराने त्याला बसवलं म्हणून तो लिहायला लागला. क्षय झाला नसता तर आणखी एक बोट पकडली असती त्याने, आणि गुत्त्यातला तो आणखी एक चेहरा.

१५ ऑगस्ट

सिंगबद्दल वेगळी नोंद, विसरेन नाहीतर. जे. एम. सिंग, आयरिश, 'रायडर्स टू द सी'वाला. एका आईची पोरं एकेक करून समुद्र नेतो, अरान बेटावरच्या मच्छीमार घरातली गोष्ट, जेमतेम अर्ध्या तासाची. सिंग १९०९ मध्ये हॉजकिन्सने गेला, ३७ वर्षांचा. डब्लिनच्या ॲबी थिएटरची मंडळी १९११ मध्ये अमेरिकेत आली तेव्हा ओनीलने त्यांचे प्रयोग बघितले आणि नाटक असंही असतं हे त्याला तिथे कळलं. बापाच्या तलवारबाजीच्या नाटकांत वाढलेल्या माणसाला हा धक्काच असणार. दादांना फोन केला, म्हटलं घ्या तुमचा मच्छीमार. खूश झाले. मिनिटभराची जागा दिलीय.

२० ऑगस्ट

टॅगलाइनवर बैठक, चहा दोनदा झाला. दादांचं म्हणणं लोकांना उभारी देणारं हवं, आजार होता तरी लिहिलं, बस. मी म्हटलं दादा 'तरी' नाही हो, पहिल्या आजाराने लिहायला लावलं आणि शेवटच्याने, हाताच्या थरथरीने, लिहिणं काढून घेतलं, ह्यात 'तरी' कुठे बसवायचा? ताई मधे पडल्या, त्या स्वतः वर्षभर आजारपणात घरी होत्या, म्हणाल्या मला तेव्हा जो भेटायला यायचा तो झुंज शब्द काढायचा आणि मी फक्त कुशी बदलत असायचे. दादा गप्प. पण निर्णय पुढच्या बैठकीत.

२९ ऑगस्ट

आता मजेचा भाग. गोदाम.

प्रॉव्हिन्सटाउन, मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडच्या अगदी टोकाला. मच्छीमारांचं गाव, त्यात बरेचसे पोर्तुगीज, अझोर्स बेटांवरून आलेले. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे लेखक, चित्रकार हवा खायला यायचे. जॉर्ज क्रॅम कुक आणि त्याची बायको सुझन ग्लास्पेल ह्यांनी मित्रमंडळी जमवून नाटकं करायला सुरुवात केली, जागा म्हणून लुइस व्हार्फ ह्या धक्क्यावरचं माशांचं जुनं गोदाम. धक्का मेरी हीटन व्होर्स ह्या लेखिकेच्या मालकीचा. भिंतींना फटी, जमिनीच्या फळ्यांखाली भरतीचं पाणी. १९१६ च्या उन्हाळ्यात तिथे हा सडपातळ, कमी बोलणारा माणूस आला.

तोपर्यंत त्याची परिस्थिती अशी की एकांकिकांचं एक पुस्तक निघालेलं, १९१४ मध्ये, तेही बापाच्या पैशाने. हार्वर्डला जॉर्ज पिअर्स बेकरच्या नाट्यलेखनाच्या वर्गात एक वर्ष बसून झालेलं. प्रयोग शून्य. ह्या मंडळींनी 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' वाचून घेतलं आणि २८ जुलै १९१६ ला करून टाकलं. नाटकात समुद्रावर धुकं, ग्लास्पेलने लिहून ठेवलंय की त्या रात्री बाहेरही खरंच धुकं होतं आणि भरतीचं पाणी गोदामाखाली आपटत होतं. सेटचा खर्च वाचला. कुकने मरणाऱ्या खलाशाचं, यँकचं, काम केलं. ओनील स्वतः सेकंड मेट, म्हणजे बोटीवरचा एक अधिकारी, वाट्याला एकच ओळ. बाप इतका गाजलेला नट आणि ह्याला एक ओळ बोलतानाही घाम फुटायचा म्हणतात.

पाठोपाठ ऑगस्टमध्ये त्याच गोदामात ग्लास्पेलचं 'ट्रायफल्स' आलं. म्हणजे एका उन्हाळ्यात, एका मासळीच्या शेडमध्ये, अमेरिकन नाटकाची दोन मोठी नावं. नोव्हेंबरमध्ये ही सगळी वरात न्यूयॉर्कला मॅकडूगल स्ट्रीटवर, १३९ नंबर, आणि पहिल्याच कार्यक्रमात परत 'कार्डिफ'. तिथल्या तयारीचा फोटो आहे, ओनील शिडीवर चढलाय, खाली माणसं बांबू धरून उभी. कुठल्याही गावातल्या हौशी मंडळाचा म्हणून खपेल. लेखकाला शिडीवर चढवायची पद्धत तिकडेही होती तर.

६ सप्टेंबर

एकांकिका हीच घ्यायची, 'कार्डिफ'. मराठी कच्चा खर्डा झाला. गोष्ट म्हटली तर काहीच नाही. ग्लेनकेर्न न्यूयॉर्कहून कार्डिफला निघालीय, मध्यरात्रीचं धुकं, दर मिनिटाला भोंगा. खलाशांच्या झोपायच्या खोलीत यँक बंकवर पडलाय, वरून खाली पडून छाती आतून फुटलेली, रक्त थुंकतोय. शेजारी ड्रिस्कॉल. बाकीचे सिगरेट ओढत थापा मारतायत. कप्तान येतो, नाडी बघतो, बोटीवर डॉक्टर नाही आणि कार्डिफ अजून आठवडाभर लांब. मग दोघं बोलत बसतात, समुद्र सोडून कुठेतरी लांब आत शेती घ्यायची असं दोघांच्याही मनात होतं आणि दोघांनीही एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं, हसतील म्हणून. यँक मरतो. धुकं उठतं. संपलं.

वाचताना लक्षात येतं की लिहिलंय १९१४ मध्ये, सॅनेटोरियममधून सुटल्याला वर्षसुद्धा नव्हतं. खाटेवर पडलेला माणूस, छातीतून येणारं रक्त, भोवती आपापल्या गप्पांत रमलेले लोक, आणि हातात नुसतं थांबून राहणं. ह्याला समुद्रावरची एकांकिका म्हणतात, खरी आहे ती वॉर्डातली. फक्त वॉर्ड तरंगतोय.

साउंडवाल्या पोराशी भांडण. त्याला लाटा, वारा, सीगल, सगळं हवंय. मी म्हटलं आत लोखंडी खोली आहे बाबा, लाटा कसल्या ऐकू येणार, इंजिनाची घरघर आणि भोंगा बस. त्याने भोंगा नेमक्या मिनिटाला लावून ऐकवला तर चौथ्या भोंग्यानंतर आम्ही सगळेच वैतागलो. तेच बरोबर आहे म्हणे, यँकपण वैतागलेला असणार. ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. ठेवलाय.

१५ सप्टेंबर

मधली वर्षं पटापट उरकायची. १९२० चं 'बियाँड द होरायझन' मात्र सोडता येत नाही. दोन भाऊ शेतावरचे, ज्याला समुद्राची ओढ तो एका मुलीपायी घरी राहतो, ज्याला शेतीची आवड तो जहाजावर जातो, आणि घरी राहिलेला फुप्फुसाच्या रोगाने मरतो. ब्रॉडवेवर प्रयोग, आणि अमेरिकेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार. बाप बघायला आला होता, त्याच वर्षी गेला. त्याआधी बापाने मुलाला प्रॉव्हिन्सटाउनच्या बाहेर पीक्ड हिल बार्सला वाळूत उभं असलेलं, बुडत्या जहाजांना मदत करणारं एक जुनं ठाणं घर म्हणून घेऊन दिलं होतं, कंजूष बापाने. पुढे १९३१ मध्ये समुद्राने ते घर नेलं.

'ॲना क्रिस्टी' १९२१, दुसरा पुलित्झर, त्यातला बार्जवाला म्हातारा म्हणजे गुत्त्यातला खोलीसोबती. 'स्ट्रेंज इंटरल्यूड' १९२८, तिसरा. दारू साधारण १९२६ च्या सुमारास सोडली ती सोडली.

आणि नोबेल, १९३६. स्टॉकहोमला गेलाच नाही, तब्येत. अपेंडिक्स आणि बाकीचं निघालं, कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या हॉस्पिटलात दोनेक महिने पडून, तिथेच स्वीडनच्या वाणिज्यदूताने खाटेपाशी येऊन पदक दिलं. दादांना हे दृश्य फार आवडलं, नाट्यमय आहे म्हणे. आहे खरं.

२२ सप्टेंबर

हाताची थरथर. हा भाग लिहायला जास्तच वेळ लागतोय आणि लागू दे.

हात तरुणपणीच कापायचे थोडे. चाळिशीनंतर वाढलं, १९४० नंतर पेन्सिल धरणं अवघड. डॉक्टर पार्किन्सन म्हणाले आणि तो ते नाव घेऊनच गेला. मेल्यावर त्याच्या मेंदूची तपासणी झाली, २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ती सविस्तर छापून आली, त्यात पार्किन्सन नव्हताच, लहान मेंदू हळूहळू झिजत गेलेला. हालचालीवरचा ताबा तिथून चालतो. बुद्धी शाबूत, आठवण शाबूत, कथानकं डोक्यात तयार, हात ऐकत नाही.

आता कुणीही विचारेल, मग सांगून लिहवून का नाही घेतलं? प्रयत्न केला, जमलं नाही. त्याला पेन्सिलीनेच सुचायचं. अक्षर थरथरीमुळे बारीक बारीक होत गेलं, पुढे पुढे बायको, कार्लोटा, भिंग लावून ते वाचायची आणि टाइप करायची. डॅनव्हिलच्या डोंगरातल्या ताओ हाउसमध्ये, १९३७ ते १९४४, ह्या अवस्थेत त्याने 'द आइसमन कमेथ', 'लाँग डेज जर्नी', 'ह्यूई' आणि 'अ मून फॉर द मिसबिगॉटन' लिहिली. ही यादी बघितली की झुंज शब्द तोंडावर येतोच, दादांचाही इलाज नाही. पण १९४३ नंतर काय? एकही नवीन नाटक नाही. दहा वर्षं. अमेरिकेतल्या एका घराण्याच्या गोष्टीवर अकरा नाटकांची मालिका आखली होती, त्यातली अर्धवट हस्तलिखितं दोघांनी मिळून नष्ट केली, दुसऱ्या कुणी पूर्ण करू नयेत म्हणून.

म्हणजे शेवटी आजार जिंकला. असं स्वच्छ म्हणायला काय हरकत आहे? त्याने नाटकं कमी मोठी होतात का?

आणखी एक, पुतळा करायचा नाही. बाप म्हणून हा माणूस वाईटच होता. मुलगी ऊनाने १८ व्या वर्षी ५४ वर्षांच्या चॅप्लिनशी लग्न केलं तर तिचं तोंड परत पाहिलं नाही, मोठ्या मुलाने १९५० मध्ये आत्महत्या केली. ताई म्हणाल्या हे घ्यायचं, मी म्हटलं घ्यायचंच.

३० सप्टेंबर

'लाँग डेज जर्नी'तलं थोडं निवेदनात ओवतोय. न्यू लंडनचंच घर, १९१२ चा ऑगस्ट, धुकं आणि भोंगा इथेही, मॉर्फिनच्या आहारी गेलेली आई, कंजूष नट बाप, दारुडा भाऊ आणि खोकणारा धाकटा एडमंड. एडमंडला त्याच दिवशी कळतं की क्षय आहे. चौथ्या अंकात तो बापाला समुद्रावरच्या रात्री सांगतो, ब्युनॉस आयर्सला जाणाऱ्या शिडाच्या जहाजावर पाठीवर पडून वर शिडं बघत असतानाच्या, आणि म्हणतो की माणूस म्हणून जन्मायलाच नको होतं मी, सीगल नाहीतर मासा म्हणून बरा निघालो असतो. ते लिहिताना ओनील पन्नाशीत, हात कापतोय, आणि लिहितोय तेवीस वर्षांच्या आजारी पोराबद्दल. कार्लोटाला अर्पण केलं ते २२ जुलै १९४१ ला, लग्नाच्या वाढदिवशी. प्रकाशकाकडे सील करून ठेवलं, मी मेल्यावर २५ वर्षांनी छापा. तिने तीन वर्षांतच छापायला दिलं, पहिला प्रयोग फेब्रुवारी १९५६, स्टॉकहोम. चौथा पुलित्झर त्यावर, मेल्यानंतर.

तिने शब्द मोडला हे बरोबर की चूक ह्यावर आमची जेवायची वेळ टळली. माझं मत, बरं झालं मोडला.

५ ऑक्टोबर

टॅगलाइन गेली. दादांनीच काढली, कारण विचारलं नाही मी. आता नुसतं 'युजीन ओनील : खलाशी, नाटककार'. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीसारखं वाटतंय थोडं पण ठीक आहे.

१६ ऑक्टोबर

आज त्याचा वाढदिवस, योगायोगाने क्रम पक्का झाला. आधी निवेदन सॅनेटोरियमपर्यंत, मग गोदाम, मग एकांकिका सलग, भोंग्यासकट, आणि उरलेलं आयुष्य एकांकिकेनंतर. दादांना शेवट त्याच्या त्या प्रसिद्ध वाक्यावर हवा होता, हॉटेलात जन्मलो आणि हॉटेलातच मरतोय, बॉस्टनच्या शेल्टन हॉटेलात म्हणाला असं सांगतात ते. मी नको म्हटलं, सगळे तिथेच संपवतात. आपला शेवट 'मिसबिगॉटन'वर, लिहून झालेलं शेवटचं नाटक, साल १९४३, आणि त्यानंतरची दहा वर्षं काही लिहिता आलं नाही एवढं सांगून ताईंनी थांबायचं.

राहिलेलं : ड्रिस्कॉलचा आवाज अजून सापडत नाहीये, दोघांना बोलावलंय रविवारी. कप्तान दादा स्वतः करणार. सेकंड मेटची ती एक ओळ, ड्रिस्कॉल तुझी डेकवरची पाळी आहे ना, ती साउंडवाल्या पोराला दिली, तर तो म्हणतो मला प्रॅक्टिसला स्क्रिप्ट घरी द्या.